ईसीजीच्या पाठीवर

रात्री तीनला पद्मजाचा फोन, पुण्याहून.
तिचाही वॉर्ड झोपलेला, माझाही.
म्हणाली, घे कागद, एकदाचा हिशोबच करू,
तू येणार का नाही ते तरी ठरेल.

थोरल्या दवाखान्यात रात्रीचा कोरा कागद कुठला?
हाताशी सात नंबरच्या आजोबांचा ईसीजी होता,
नुकताच काढलेला, बिनतक्रारीचा.
तो पालथा घातला, मधोमध रेघ ओढली.
डावीकडं कोल्हापूर, उजवीकडं पुणं.

तिला माझ्यापेक्षा नऊ हजार जास्त.
लिहिताना पेन जरा दाबलंच गेलं.
खोली: माझी मंगळवार पेठेत, साडेचार हजार,
वर गच्ची, खाली हळदेकाकूंचा शिलाईचा खडखडाट.
तिची साडेअकरा, तीही अर्धीच.
दुसऱ्या अर्ध्यात भुलीची रेसिडेंट,
झोपेतसुद्धा म्हणते, दहा, नऊ, आठ.
रिक्षा लिही, म्हणाली,
आणि पुढं जागा सोड, आकडा मला बघवत नाही.

मी म्हटलं, माझं दूध लिहितो.
नाइट संपली की गंगावेशीत जातो,
म्हशीखालचा तांब्या तसाच ग्लासात, फेसासकट पितो.
तिकडून ती गप्प. मग म्हणाली,
'पितो' म्हणालीस गं. किती दिवसांनी ऐकलं.
इथं मी 'आलो' म्हटलं की ब्रदरसुद्धा हसतात.
आता 'आले' म्हणते मी.
ह्याचे किती धरायचे?

नको धरू, मी म्हणालो.

स्टायपेंड दोन महिने दोघींचाही थकलेला.
तेवढ्यापुरती दोन्ही गावं सारखी.

मग डिपॉझिट.
ती म्हणाली, तुझ्यासाठी खोली बघून ठेवलीय,
मालक बरे आहेत, फक्त नाव नुसतं रेहाना सांगू,
मुजावर नंतर बघू.
मी रकान्यात लिहायला घेतलं
आणि कळेना, हजारात लिहायचं की लाखात.
ती म्हणाली, हॅलो? आहेस ना?
आहे की.

अकरा नंबरचा ज्ञानू तोडकर जागाच होता,
शिरोलीच्या फाउंड्रीतला मोल्डर, डेंग्यूचा,
डाव्या हाताला सलाइन.
काय ओ डॉक्टर, पगाराचं चाललंय व्हय?
आकडा सांगितला तर म्हणाला, आयला, झ्याक की!
मग विचारलं, पण किती तासाला?
मी आठवड्याचे सांगितले, जरा कमी करूनच.
मोकळ्या हाताच्या बोटांवर त्यानं पेरं मोजली,
ओठ हलले, मान हलली,
आणि अगदी हळू, वाईट बातमी सांगताना
आम्ही जो आवाज काढतो तसल्या आवाजात म्हणाला,
आमच्या ओव्हरटाइमपरास कमीच पडतंय ओ.
थांबा, परत मोजतो.

परत मोजलं. तेवढंच आलं.

तेवढ्यात अपघात विभागातून बोलावणं,
उसाच्या ट्रॉलीला धडकलेली मोटरसायकल, दोन पोरं.
फोन तसाच कापला. कागद फाइलीत गेला.

सकाळी नऊला किणीकर सरांचा राउंड.
सात नंबर. सरांनी ईसीजी बघितला,
म्हणाले, छान. आणि कागद उलटला.
वाचत राहिले.
चष्मा वर केला, परत वाचलं.
मागं सहाजण उभे, कोणी खोकेना.
आजोबा उशीवरनं अर्धे उठले,
साहेब, काय निघालं का ओ त्यात?
तुमचं ठीक आहे आजोबा, झोपा.

मग माझ्याकडं न बघता विचारलं,
जेवण कुठं धरलंय?

बघितलं तर खरंच नव्हतं,
ना डावीकडं, ना उजवीकडं.
आम्ही दोघी विसरलो होतो.

सरांनी खिशातलं पेन काढलं,
टोपण दातात धरलं,
वाटलं, काहीतरी लिहितील.
आणि आमच्या हिशोबाखाली, सवयीनं,
तारीख टाकून सही केली.